खालच्या रांगेतले चाळीस

भाविका फिरके रागीट आहे असं जळगावच्या मेहरूणमध्ये कुणी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाशी गोड बोलते, म्हाताऱ्यांना हात धरून स्टुलावर बसवते, रडक्या पोरांसमोर स्वतः वेडीवाकडी तोंडं करते. पण एका माणसावर तिने सव्वा वर्ष राग धरला. रोज सकाळी स्टुडिओचं शटर वर करताना ती त्याची मुद्दाम आठवण काढायची, विसरायला नको म्हणून. बाकीचे त्या वेळी देवाचं नाव घेतात, ही भूपेंद्र देवरेचं घ्यायची. मला विचाराल तर अगदी बरोबर करायची. "जाऊ दे, सोडून दे" म्हणणारे तिला कमी भेटले नाहीत, पण त्यांच्यापैकी एकाचंही काही गेलेलं नव्हतं.

तर आधी स्टुडिओचं सांगतो. मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या वडिलांचा, कौतिकआबांचा, फिरके फोटो स्टुडिओ आहे. आबा रावेरकडच्या गावचे. केळीची शेती भावांच्या ताब्यात देऊन तरुणपणी जळगावला आले आणि कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले ते राहिलेच. पासपोर्ट, लग्नाची स्थळं, भरतीचे अर्ज यांच्यावर घर चाललं.

आबांचा एक नियम होता. स्टुडिओत कुणीही येवो, पहिला फोटो पाटी धरून. शाळेची काळी पाटी, तिच्यावर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने खडूने नाव आणि तारीख लिहायची, छातीशी धरायची, मग एक फोटो. त्यानंतर पाटी बाजूला आणि खरे फोटो सुरू. रोलच्या काळात एकदा हिलाल नावाचे दोन जण एकाच आठवड्यात आले होते. एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावाने मुलीकडे गेला, मुलीकडच्यांनी पसंत केला, आणि बघायच्या दिवशी पाटावर भलताच हिलाल बसलेला. आबांनी तेव्हा जी बोलणी खाल्ली ती त्यांना जन्मभर पुरली. तेव्हापासून पाटी. तिच्या लाकडी चौकटीवर आबांनी लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'फिरके फोटो, मेहरूण'. पुढे सरकारी भरतीच्या अर्जांनाही नाव-तारखेचा फोटो लागायला लागला, तेव्हा आबा म्हणाले, सरकारला उशिरा का होईना अक्कल आली.

भाविका या पाटीवरच वाढली. कॉलेज झालं, कॅमेरा हातात आला, आणि तिच्या वाट्याला आलं बॅनरचं काम. जळगाव-धुळ्यात चौक म्हटला की बॅनर आलाच. मधे कुणीतरी भाऊ, गॉगल लावून, पुरुषभर उंच. आणि खाली शुभेच्छुकांची रांग, एकेक चेहरा टपाल तिकिटाएवढा. ते खालचे चेहरे कापून देण्याचं काम भाविकाकडे. आठ पोरं एक गॉगल घेऊन यायची आणि तोच आळीपाळीने लावायची. मित्राचं जॅकेट उन्हाळ्यातही अंगावर चढवायची. मग भाविका त्यांचं जॅकेट कापायची, केस कापायची, खांदे कापायची, आणि उरायचं फक्त तोंड. वर ते पोरगं बॅनर लागल्यावर तासभर खाली उभं राहून स्वतःला शोधायचं.

हे कापून कापून तिचा जीव विटला. एकदा तिने ठरवलं की आता यांचे पूर्ण फोटो काढायचे. एकेकाला अख्खी फ्रेम द्यायची. कुठे उभं राहायचं, काय घालायचं, हे त्यांनीच ठरवायचं. तीन वर्षं ती सुटीच्या दिवशी जळगाव-धुळं करत राहिली. मेहरूण तलावाच्या काठावर, धुळ्याच्या देवपुरातल्या खोल्यांच्या गच्च्यांवर, दोंडाईचाच्या स्टेशनात. एक मुलगी तोंडाला स्कार्फ बांधूनच उभी राहिली. कॉलेजच्या वाटेवर मला सगळे असंच ओळखतात, मग असाच काढा, म्हणाली. हितेंद्र नावाचा रावेरकडचा पोरगा केस सोनेरी करून आला, अंगात पांढराशुभ्र शर्ट, आणि त्या शर्टावर काळेतपकिरी डाग. बाप केळीची कापणी करतो, पोरगा सुटीत घड वाहतो. चिकाचे ते डाग, जन्मात जात नाहीत. भाविकाने विचारलं, दुसरा शर्ट आणलास का. तो म्हणाला, "आणलाय. पण हाच राहू द्या."

असे चाळीस जण झाले. आणि चाळिसांपैकी प्रत्येकाचा पहिला फोटो पाटी धरून. आबांची पाटी ती पिशवीत घालून सगळीकडे न्यायची. पोरं हसायची, कैद्यासारखं वाटतं म्हणायची, पण लिहायची.

आता भूपेंद्र. देवपूरचा. दाढी राखलेली, लिननचा कुर्ता, पुण्यात दोन वर्षं राहून आलेला आणि ते दर तिसऱ्या वाक्यात सांगणारा. धुळ्यात त्याने छायाचित्रणाचं शिबिर घेतलं, भाविका गेली. तिचे फोटो पाहून तो गप्प झाला, आणि ती वेडी समजली की गुणाची कदर झाली. मग म्हणाला, आपण प्रदर्शन करू, दोघांचं, नाव तुझं आधी. शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्याने तिच्याकडून स्वतःचाही एक फोटो काढून घेतला. गॉगल, हनुवटीखाली मूठ, नजर लांब कुठेतरी. हसत म्हणाला, "असा काढ की बॅनरवर शोभेल. देवपूरच्या पुलाजवळ एकदा आपला बॅनर लागला पाहिजे यार." पुण्याचा सगळा मुलामा एका वाक्यात उतरला, पण भाविकाने तेव्हा ते मनावर घेतलं नाही. तिने चाळीस निवडक फोटो पेनड्राइव्हवर भरून त्याला दिले. पाट्यांचे दिले नाहीत, कारण ते कुणी मागतं असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

उद्घाटनाला ती आबांना घेऊन धुळ्याला गेली. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लेकीचं प्रदर्शन म्हणून ते पाहुण्यांसाठी केळीच्या वेफर्सचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन निघाले होते, आणि एसटीत तो मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. हॉलच्या दारात पाटी होती: 'तरुणाई. छायाचित्रे: भूपेंद्र देवरे.' भाविकाला वाटलं, दुसरी पाटी आत असेल. आत गेली. फोटो सगळे तिचे. नाव कुठेच नाही. शेवटच्या भिंतीवर आभाराचा कागद होता, त्यात अगदी तळाला सापडलं: 'चहा-नाष्टा व्यवस्था: भाविकाताई, जळगाव.'

आबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्यात एका सफारीवाल्याने त्यांच्या हातातला डबा पाहिला आणि लांबून बोट हलवून म्हणाला, "काका, इकडे द्या जरा." आणि आबा गेले. झाकण उघडून डबा त्या माणसापुढे धरला. त्याने मूठभर वेफर्स घेतले, शेजारच्यालाही दिले. मुलीचं नाव कापलं गेलं ते एक, पण बापाचा हात असा पुढे झाला, ते भाविकाच्या काळजात रुतून बसलं.

ती भूपेंद्रकडे गेली. हॉलभर माणसं होती म्हणून आवाज न चढवता म्हणाली, "सर, माझं नाव राहिलं."

"भाविका, नाराज नको होऊस," तो म्हणाला, खांद्यावर थोपटल्यासारखं करत. "कल्पना, मांडणी, विचार, हे महत्त्वाचं असतं. बटण कुणीही दाबतं. मी नसतो तर हे फोटो तुझ्या कॉम्प्युटरमध्येच कुजले असते की नाही? आणि आभारात टाकलंय ना तुला."

तिने आयोजकांपैकी एका वयस्कर गृहस्थांना लॅपटॉप उघडून मूळ फाइली दाखवल्या, तारखा दाखवल्या. ते म्हणाले, "बेटा, तारखांचं काय, आजकाल कॉम्प्युटरवर काहीही करता येतं." आणि चहा घ्यायला गेले. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत आबा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मग आबा म्हणाले, "कायले जीव जाळती व माय. जाऊ दे." त्या दिवशी तिने ठरवलं की हे जाऊ द्यायचं नाही. कसं ते ठरलं नव्हतं, आणि कधी तेही नव्हतं.

सव्वा वर्ष गेलं. त्या काळात भूपेंद्रचं प्रदर्शन नाशिकला लागलं, त्याच्या मुलाखती आल्या, तो 'माझी पोरं, माझी पोरं' करत फिरला. भाविका भरतीच्या अर्जांचे फोटो काढत राहिली. प्रत्येक मुलाखत ती वाचायची, जपून ठेवायची. आबा म्हणायचे, नको वाचू. ती म्हणायची, वाचू द्या, मला लागतं ते.

मग एक दिवस दुपारी दिपमाला बोरसे स्टुडिओत शिरली. चाळिसांपैकी एक. दोंडाईचाजवळच्या गावची पोरगी, देवपुरात खोली करून राहायची आणि पोलीस भरतीसाठी पहाटे पळायची. आठशे मीटरला केस आड येतात म्हणून तिने ते मुलांसारखे बारीक कापून टाकले होते, आणि तसाच फोटो काढून घेतला होता, मान ताठ, घामाने चमकणारी. आज ती जी आली ती भांडायच्या तयारीनेच.

"ताई, माले इतलंच सांग," ती उभ्यानेच म्हणाली, "मना फोटू तू त्याले का दिधा?"

मोबाइल तिने काउंटरवर आपटला. भूपेंद्रचं पुस्तक येणार होतं, त्यातली पानं त्याने आधीच टाकली होती. दिपमालाच्या फोटोखाली लिहिलं होतं: 'वाट चुकलेली.' आणि पुढे चार ओळी, घर सोडून शहराच्या झगमगाटात हरवलेल्या मुलीबद्दल. ते फिरत फिरत गावात गेलं, बापापर्यंत पोचलं. बापाने खोली सोडायला लावली, महिनाभर घरी बसवलं. मैदानी चाचणी दीड महिन्यावर होती.

भाविकाने तिला पाणी दिलं, बसवलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वेफर्सच्या डब्यासकट. दिपमाला ऐकत गेली आणि तिचा राग जागा बदलत गेला. मग भाविकाने कॉम्प्युटरवर तो फोल्डर उघडला जो तिने कुणालाच दाखवला नव्हता: चाळीस पाट्या. दिपमालाने आपली शोधली. तेच घामेजलेलं तोंड, तोच टीशर्ट, तीच गच्ची, हातात पाटी. आणि चौकटीवर लाल रंगात 'फिरके फोटो, मेहरूण'.

"ह्या पाट्या त्यानाजोडे नहीत?"

"नाहीत. त्याला माहीतच नाहीत."

दिपमालाने एकेक पाटी वाचत चाळीसही फोटो पाहिले. मग म्हणाली, "येत्या रविवारले देवपूरमा त्याना सत्कार शे. पुस्तक बी तव्हयच."

भाविकाच्या डोक्यात ते तिथेच, काउंटरवर, पूर्ण झालं. सव्वा वर्ष जे सुचलं नव्हतं ते एका क्षणात समोर आलं, कारण ते आयुष्यभर तिच्याच हातातून गेलेलं काम होतं. बॅनर लागला की माणूस काय बघतो? मधलं मोठं तोंड. त्याचं स्वतःचं असेल तर दुसरं काहीच नाही. खालची रांग बघतो फक्त तो, ज्याचं तोंड त्या रांगेत आहे, आणि त्याची आई.

एक गोष्ट मात्र तिला टोचली. ज्यांना आपण खालच्या रांगेतून उचलून अख्खी फ्रेम दिली, त्यांनाच परत तिथे बसवायचं? तिने ते दिपमालाला बोलून दाखवलं. दिपमाला म्हणाली, आधी दुसऱ्याच्या वाढदिवसाला बसायचो, आता आपल्या कामाला बसू. तिथून पुढे भाविकाने मागे पाहिलं नाही.

चाळिसांना फोन झाले. कुणी पुस्तकातली पानं पाहिली होती, कुणी नव्हती. ज्यांनी पाहिली नव्हती त्यांना दिपमालाने दाखवली. स्कार्फवाल्या मुलीच्या फोटोखाली 'तोंड लपवणारी पिढी' होतं. एक जण कामाला सुरतेला गेला होता, तो म्हणाला मला येता येणार नाही, पण माझं तोंड टाका. नाही म्हणणारा एकही निघाला नाही.

धुळ्यात भिकनचं फ्लेक्सचं दुकान आहे. भाविका त्याला वर्षानुवर्षं तोंडं कापून पाठवत आलेली. ती डिझाइन घेऊन गेली. वर मोठ्या अक्षरात 'हार्दिक अभिनंदन', मधे भूपेंद्र, तोच गॉगल, तीच मूठ, खाली 'खान्देशची नजर'. आणि तळाला दोन ओळीत चाळीस जण. या वेळी तिने जॅकेट कापलं नव्हतं, खांदे कापले नव्हते. प्रत्येकाच्या छातीशी पाटी होती.

भिकनने स्क्रीनवर खालची रांग मोठी करून पाहिली. दोन पाट्या वाचल्या. मग भाविकाकडे पाहिलं. त्याला धंद्यातलं सगळं कळत होतं, आणि प्रदर्शनाचीही गोष्ट कानावर होती.

"शुभेच्छुक म्हणून कुणाचं नाव टाकू, ताई?"

"मित्रपरिवार."

"परवानगी?"

तिने महापालिकेच्या परवानगीचा कागद पुढे ठेवला. तीन दिवसांची, पुलाजवळच्या जागेची. परवानगीचा नंबर नियमाप्रमाणे कोपऱ्यात टाकून घेतला. उद्या कुणी बोट दाखवायला नको, एवढी तयारी. भिकन म्हणाला, "रविवारी सकाळी सातला स्वतः बांधतो." आणि त्याने शाई जरा जास्तच गडद ठेवली.

रविवारी दहा वाजता भिकनचा फोन आला. साहेब आले होते. गाडी थांबवली, उतरले, वर बघत राहिले, डोळे भरून आल्यासारखं केलं. मित्राकडून फोटो काढून घेतले, सात प्रकारे, हात जोडून, हात पसरून, पाठमोरे. खाली पाहिलं का, भाविकाने विचारलं. भिकन म्हणाला, "ताई, त्याच्या बुटापाशी होती ती रांग. नाही पाहिलं."

अर्ध्या तासात भूपेंद्रने तो फोटो टाकला. 'एवढं प्रेम. शब्द नाहीत. कोणी लावलं माहीत नाही, पण ऋणी आहे.' आणि मग सुरुवात झाली. सुरतेचा सोडून एकोणचाळीस जण पुलाजवळ जाऊन आले, काही एकटे, काही घरच्यांना घेऊन. प्रत्येकाने आपापल्या तोंडाजवळ मोबाइल नेऊन फोटो काढला आणि त्याच्याच फोटोखाली टाकला: 'खालच्या रांगेत मी आहे. पाटी वाचा.' त्यांच्या मित्रांनी वाचली, मावश्यांनी वाचली, गावातल्या ग्रुपवर गेलं. भूपेंद्रच्या मोबाइलवर आकडे चढत राहिले आणि तो आकडे बघत सत्काराचा कुर्ता इस्त्री करून घेत होता. आकड्यांखालचं वाचायची त्याला गरज वाटली नाही.

पाच वाजता हॉल भरला. भाविका आबांसोबत शेवटच्या रांगेत बसली. आबा यायला तयार नव्हते, तिने हट्टाने आणलं, आणि तोच पत्र्याचा डबा भरून त्यांच्या मांडीवर ठेवला. आबा म्हणाले, हे कायले? ती म्हणाली, राहू द्या.

भूपेंद्र बोलायला उभा राहिला. पुण्याचा उल्लेख दोनदा झाला. मग आवाज हळवा करून म्हणाला, "या चाळीस मुलांचं आणि माझं नातं आता फक्त फोटोचं राहिलेलं नाही. ही माझीच पोरं आहेत. एकेकाच्या घरी मी जेवलोय."

तिसऱ्या रांगेतून दिपमाला उठली. बारीक केस, पांढरा टीशर्ट. पडद्यावर मागे तिचाच फोटो होता.

"सर," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "माझं नाव काय?"

भूपेंद्र हसला. "अगं, तू तर... आपली स्टार आहेस."

"नाव काय सर?"

भूपेंद्रने हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, पण पुस्तकात नावं नव्हती. त्याने कुणाचंच नाव टाकलं नव्हतं, कारण कुणाचंच माहीत नव्हतं. नावं पाट्यांवर होती.

दिपमाला उभीच राहिली. तिच्या मागे स्कार्फवाली उठली. तिने स्कार्फ सोडला. "माझं?"

मग चौथ्या रांगेतला एक, मग त्याच्या शेजारचा. "मना नाव काय शे, सर?" "माझं सांगा." कुणी ओरडलं नाही. एकेक जण उठत होता, विचारत होता आणि उभाच राहत होता. भाविका मोजत होती. अडतीस झाले. सुरतेचा नव्हताच, आणि हितेंद्र अजून बसलेला होता.

शेवटी हितेंद्र उठला. सोनेरी केस आता राहिले नव्हते, पण शर्ट तोच घालून आला होता. "सर, माझं नाव राहू द्या. माझ्या फोटोखाली तुम्ही 'गॅरेजच्या अंधारात हरवलेला' असं लिहिलंय. हे डाग कसले आहेत, तेवढं सांगा."

भूपेंद्रला वाटलं, हे तरी येतं. "ऑइलचे," तो म्हणाला. "इंजिन ऑइल. मला आठवतंय, तुझ्या गॅरेजमध्येच आपण..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. जळगावकडून आलेले आधी हसले, मग धुळ्याचे हसले. समोर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांपैकी एकाने शेजारच्याला सांगितलं, चीक आहे तो, केळीचा, आमच्या घरात एक कपडा त्याच्याशिवाय नाही. प्रमुख पाहुणे आपल्या मोबाइलवर वाकले होते. त्यांच्या नातवाने त्यांना पुलाजवळचा बॅनर पाठवला होता, पाट्या मोठ्या करून. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे, आणि शेजारी बसलेल्या आयोजकाला विचारलं, "हे मेहरूणचे फिरके कोण?"

हे आयोजक म्हणजे तेच, तारखांवर विश्वास नसलेले गृहस्थ. त्यांना शेवटच्या रांगेतली भाविका दिसली. त्यांनी मान खाली घातली.

शाल ताटातच राहिली. सन्मानचिन्ह फडक्यात गुंडाळून कुणीतरी आत नेलं. भूपेंद्र माइकसमोर उभा राहून "गैरसमज, गैरसमज" म्हणत होता आणि माइक कुणीतरी बंद केला होता. भाविकाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, तिला फार बरं वाटलं, सव्वा वर्षात पहिल्यांदा तिला भूक लागली. बाहेर आल्यावर तिने आबांच्या हातातला डबा घेतला, झाकण काढलं आणि एकोणचाळीस जणांमध्ये फिरवला. आबांना तिने कुणापुढे हात करू दिला नाही. तो सफारीवाला बाजूने गेला, त्याने डब्याकडे पाहिलं. भाविकाने झाकण लावलं.

गोष्ट इथे संपली असती तर आबांना आवडलं असतं. पण आठव्या दिवशी भूपेंद्र स्टुडिओत आला. एकटा, दाढी वाढलेली, गॉगल नाही. दुपारची वेळ होती, आबा आत जेवत होते.

"भाविका, संपलो मी," तो म्हणाला. "प्रकाशकाने पुस्तक थांबवलंय. नाशिकवाल्यांचा फोन येतो रोज. तू फक्त लिही की आपलं आपसात मिटलं. मी आतल्या पानावर तुझं नाव टाकतो. मोठ्या अक्षरात टाकतो."

"बसा," भाविका म्हणाली.

तो स्टुलावर बसला. तिने दिवा लावला, कॅमेरा उभा केला आणि आबांची पाटी त्याच्या हातात दिली, वर खडूचा तुकडा.

"हे काय?"

"आमच्याकडे पहिला फोटो पाटी धरून असतो. नाव लिहा. तारीख लिहा."

त्याला वाटलं, एवढ्यावर सुटतंय. त्याने लिहिलं. भूपेंद्र देवरे. खाली तारीख. पाटी छातीशी धरली.

"अजून एक ओळ राहिली," ती म्हणाली. "लिहा. फोटो, भाविका कौतिक फिरके."

आतून ताटलीचा आवाज थांबला होता. आबा दारात येऊन उभे होते. भूपेंद्रने पाटी मांडीवर घेतली. 'फिरके'तला 'र' त्याच्याकडून वाकडा आला, त्याने बोटाने पुसून परत लिहिला. पाटी उचलून धरली. भाविकाने एक फोटो काढला.

"आता काढ," तो पाटी खाली ठेवत म्हणाला, केसांवरून हात फिरवत.

"झाला."

"म्हणजे? पाटीशिवायचा..."

"तो नाही काढत मी. या आता."

तो गेल्यावर आबा पुढे आले. आठ दिवस त्यांचंच मन त्यांना खात होतं. "झालं ना व आता," ते म्हणाले, "धरून कायले ठेवती? पूस ते."

पाटी पुसायची पद्धत होती. पुढचं गिऱ्हाईक यायच्या आत, ओल्या फडक्याने, स्वच्छ. भाविकाने पाटी उचलली आणि बाहेरच्या शोकेसमध्ये, नवरा-नवरींच्या आणि बारशांच्या फोटोंच्या मधोमध, काचेला टेकवून ठेवली. संध्याकाळी त्याचा फोटो छापून शेजारी लावला. आपसात मिटलं, असं मात्र तिने काहीच लिहून दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीचं एक गिऱ्हाईक आलं आणि पाटी मागू लागलं. आबांनी शोकेसकडे पाहिलं, भाविकाकडे पाहिलं, चपला घातल्या आणि चौकातल्या दुकानातून नवी पाटी घेऊन आले.